जोहराआपाची चाल

आमच्या जिन्सी मोहल्ल्यात शफीभाईंना लोक येडं म्हणायचे, आन् म्हणणाऱ्यांत पहिली मीच. रविवार उजाडला की हा बाबा धुतलेला कुर्ता-पायजमा घालून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून जाफर गेटच्या बाजाराला निघायचा. लोक बाजारातून मेथी आणतात, भेंडी आणतात. हे काय आणायचे? तबकड्या! त्या बी मोठ्या नाय, चपातीएवढ्या. गोऱ्या लोकांच्या गाण्यांच्या, दुसऱ्यांच्या घरात झिजून भंगारात आलेल्या. ह्या बाजूला एक गाणं, त्या बाजूला एक. झालं, संपलं.

"एवढ्यासाठी पायपीट केली?" मी भिंतीवरून विचारायची. "त्यापरीस अर्धा किलो खारी आणली असती तर चहात बुडवून तरी खाल्ली असती."

"तुम्हाला नाय कळायचं, सरूबाई."

"नाय कळत तेच बरं हाय."

मी सरूबाई. त्यांच्या घराची आन् माझ्या घराची भिंत एकच. माझे मालक लवकर गेले, मग मी पापड, कुरडया, शेवया करून घर ओढलं. त्या कामाला माझ्यासंगं बसायची ती जोहराआपा, शफीभाईंची बायको. तिचं सांगितल्याबिगर शफीभाई कळायचे नायत, म्हणून आधी तिचं ऐका.

जोहराआपा फर्दापूरची. तिचे अब्बा अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याला बसून टुरिस्ट लोकांना रंगीत खडे विकायचे. शफीभाई तव्हा तिथल्याच एका हॉटेलात वेटर होते. नुकती मिसरूड फुटलेली. त्या काळात लांब केसांची गोरी पोरं-पोरी लेणी बघायला यायची आन् महिना-महिना मुक्काम ठोकायची. जाताना सामान जड झालं की कुणी चादर टाकून जायचं, कुणी बूट, कुणी तबकड्या. हॉटेलवाल्यापाशी एक रेकॉर्डचा बाजा होता, तो बी असाच कुणीतरी टाकून गेलेला. पडलेला, झडलेला, खटका तुटलेला, पण चालायचा. दुपारी पाहुणे लेण्यांत गेले आन् मालक घोरायला लागला की शफीभाई त्याच्यावर एकच तबकडी लावायचे. हॉटेलाच्या मागं नळ होता. गाणं ऐकू आलं की जोहराआपा घागर घेऊन नळावर हजर. गाणं म्हणजे निरोप. मालक झोपला, ये.

हे मला तिनंच सांगितलं, शेवया करता करता. सांगताना साठीची बाई लाजून लाल झाली होती.

"गाण्यात म्हणायचं काय गं तो?" मी विचारलं.

"किसको मालूम, मुआ क्या बोलता था!" ती हसली. "आवाज ऐसा भारी, जैसे कुएँ में से बोल रा. मगर चाल मीठी थी."

ती चाल तिनं जन्मभर सोडली नाय. शब्द ठाऊक नव्हते, नुसतं ऊं ऊं करायची. मी शेवयांच्या मशीनचं हँडल फिरवायची, ती खाली बसून शेवया हातावर झेलायची आन् गुणगुणायची. हँडल जोरात फिरवलं तर शेवई तुटते, हळू फिरवलं तर लोंबून तिचा गोळा होतो. तिच्या त्या चालीवर फिरवलं की कशी सुतासारखी यायची. मधी एका जागी ती गुणगुणणं थांबवायची, शेवई तोडून काठीवर टाकायची, आन् जिथं सोडलं तिथून पुढं धरायची. किती उन्हाळे आम्ही असं केलं, मोजायला कोण बसलंय? माझ्या दंडाला ते गाणं पाठ होतं.

मग जोहराआपा गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, आन् घरी आणली ती चादरीत गुंडाळून. मला आजपतूर तिचा राग हाय. निघताना म्हणली होती, "बेसन भिजवून ठेव, मी आले की भजे तळू." मी भिजवलं. ते बेसन कुणी टाकून दिलं, मला आठवत बी नाय.

चाळिसावा दिवस झाल्यावर शफीभाई माझ्या दारात येऊन उभे राहिले. घरात या म्हणलं तर आले नायत.

"सरूबाई, तिचा फोटो हाय. साड्या हायेत. चष्मा हाय. आवाज कुठंच नाय," ते म्हणले. खरंच होतं. कुणी मोबाइल समोर धरला की जोहराआपा तोंडाला पदर लावायची आन् मुकी व्हायची. "ती गुणगुणायची ते गाणं तरी मला एकदा ऐकायचं हाय. एकदाच. मग मी मोकळा."

आता सांगा, गाण्याचं नाव ठाऊक नाय, गाणाऱ्याचं नाय, भाषेचा पत्ता नाय. एवढंच ठाऊक की तबकडी लहान, मधी मोठं भोक, आन् गाणारा गडी जड आवाजाचा. हॉटेल तर कव्हाच बंद पडलं होतं, मालकाच्या पोरांनी सगळं सामान भंगारात घातलं होतं. पण ज्याला येड लागलं त्याला कोण आडवणार? फर्दापूरला जाऊन आले. अजिंठ्याला दुकानादुकानात विचारून आले. सोयगावला एका शेतकऱ्यानं हरभऱ्यात पाखरं हाकायला तबकड्या टांगल्या होत्या, तर हे बांधावर उभं राहून त्या सोडून मागत होते! त्या माणसानं आधी वेड्यात काढलं, मग चहा पाजला आन् दोन काढून दिल्या. त्या दोन्ही तडकलेल्या. तरी घेऊन आले.

त्यांची लेक लुबना पुण्याला असते. ती म्हणली, "अब्बा, आता मोबाइल गाणं शोधून देतो. त्याच्यापुढं नुसतं गुणगुणायचं." शफीभाईंनी गुणगुणलं. मोबाइलनं एक आरती दाखवली. मग मी गुणगुणलं, तर भलतंच कुठलं तरी लग्नातलं गाणं आलं. लुबना हसून हसून बेजार झाली, आम्ही बी हसलो, आन् शफीभाई हसता हसता उठून मोरीत गेले ते बराच येळ बाहेर आले नायत.

मग जाफर गेटच्या बाजारात त्यांना याह्या सापडला, भंगारवाला. तो कुठून कुठून गठ्ठे आणायचा आन् ह्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. एक बाजा बी त्यानंच मिळवून दिला. रविवारी दुपारी मी भिंतीपलीकडून सगळं ऐकायची. आधी मलमलच्या फडक्यानं तबकडी पुसायची. मोठ्या भोकात प्लास्टिकची चकती बसवायची. मग खटका बघायचा, कारण मोठी तबकडी हळू फिरते आन् लहान जोरात. लहानीसाठी खटका लहानीवर पाहिजे. हे सगळं बाळाला न्हाऊ घातल्यासारखं. मग गाणं. अर्धं कडवं झालं की सुई उचलायची आन् म्हणायचं, "ही नाय."

बाई गात असली तर अर्धं कडवं बी नाय. दोन सूर ऐकले की, "बाई हाय. बाजूला."

"अहो, आणलीच हाय तर पुरी ऐका की!" मी इकडून ओरडायची. "त्या बाईनं काय तुमचं घोडं मारलंय?"

"आमचा गडी होता, सरूबाई. भारी आवाजाचा."

पण बाजूला म्हणजे फेकायची नाय हं. एक बी तबकडी त्यांनी टाकली नाय. पाकिटांवर कुणाकुणाची नावं शाईनं लिहिलेली असायची, कुठं बदाम काढलेला, कुठं कुणीतरी कुणाला भेट दिलेली. "कुणाची तरी याद असंल," म्हणायचे, "आपल्याकडून कशाला फेकायची?" म्हणून घर भरत गेलं. जोहराआपाच्या माहेरची लोखंडी पेटी भरली, मग तिचं कपाट भरलं, मग पलंगाखाली. माणूस एक आन् तबकड्या घरभर. अशी चार वर्षं गेली.

दुसऱ्या वर्षापासून त्यांचे कान जायला लागले. आधी मी भिंतीवरून हाक मारली की वेळानं ओ यायची. मग येईनाशी झाली. नमाजाला अजान ऐकून निघणारा माणूस घड्याळ बघून निघायला लागला. लुबनाचा फोन आला की ती विचारायची जेवलात का, आन् हे सांगायचे ऊन लई हाय. मी ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणला, नस सुकत चाललीय, कानाला मशीन लावा. मशीन लावलं. बोलणं थोडंफार कळायचं, पण गाणं लावलं की म्हणायचे, "पत्र्यावर कुणी खडे ओतायलंय." गाण्यासाठी मशीन काढून ठेवायचे.

"लुबनाला सांगते मी," मी म्हणलं. "एकट्यानं राहायचे दिवस नायत हे."

"नक्को, सरूबाई." माझ्यापुढं त्यांनी हात जोडले. "ती मला पुण्याला नेईल. तिचं घर दोन खोल्यांचं. ह्या तबकड्या कुठं ठेवील ती? अजून थोडं ऐकू येतंय मला. कान बंद व्हायच्या आत ते सापडू दे. मग कुठं बी नेऊ दे."

मी लुबनाला फोन केला नाय. काय करणार?

पण तव्हापासून मी बी शोधायला लागले, हे मी कुणाला सांगितलं नाय. रविवारी दुपारी मी हातातलं काम टाकून भिंतीला कान लावून बसायची. जड आवाजाचा गडी गायला लागला की मी भिंतीला आणखी चिकटायची. मग ती चाल नसायची. मी देवाला म्हणायची, अरे, एवढी गाणी केलीस जगात, त्यातलं एक आमच्या गल्लीत पाठवायला तुझ्या बापाचं काय जातंय?

ह्या उन्हाळ्यात याह्यानं सांगितलं, आता गठ्ठे यायचे बंद झालेत, शहरातली पोरं तबकड्या भिंतीला लावायला घेऊन जातात. शफीभाई म्हणले, ठीक हाय. घरातल्याच सगळ्या पहिल्यापासून पुन्यांदा ऐकतो, एखादी नजरेतून सुटली असंल. नजरेतून म्हणले. कानातून नाय. मला ते तव्हा खटकलं नाय.

चैत्राचं ऊन. माझ्या अंगणाला सावली नाय, त्यांच्या ओसरीला हाय, म्हणून शेवयांचं मशीन मी त्यांच्याच ओसरीवर खाटेला आवळलं होतं. एका हातानं हँडल फिरवायचं, दुसऱ्या हातानं शेवई झेलायची. जोहराआपा गेल्यापासून असंच. शफीभाई आत, दाराशीच, बाजा पुसून बसले होते. चहा करून मला बी दिला होता. एक तबकडी लावायची, उचलायची, ही नाय. दुसरी लावायची, उचलायची, ही नाय. खरं सांगायचं तर माझं लक्ष नव्हतं. पीठ जरा सैल झालं होतं, त्याचा वैताग होता. गाणी बी नुसती रेंगाळत, घरघरत होती, मला वाटलं बाजा म्हातारा झाला.

मग त्यांनी एक पाकीट काढलं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो, झिपऱ्या डोळ्यांवर आलेल्या, आन् एक कोपरा उंदरानं खाल्लेला. हे पाकीट मी ओळखत होते. जाफर गेटहून सगळ्यात आधी आणलेल्या गठ्ठ्यातलं. त्या कोपऱ्यावरूनच मी त्यांना बोलले होते, की पैसे देऊन उंदराचं उष्टं आणलंत.

सुई ठेवली. आतून एक आवाज निघाला. जड, घोगरा, विहिरीतून आल्यासारखा.

"शफीभाई, लाइट कमी झाली का काय? बाजा रडायलाय!" मी म्हणलं. त्यांना ऐकू गेलं नाय. मी आणखी मोठ्यानं ओरडणार होते, तेवढ्यात माझं ध्यान माझ्या हाताकडं गेलं. हँडलवरचा हात त्या गाण्यावर फिरत होता. मी फिरवत नव्हते हो, शप्पथ. तोच फिरत होता. सैल पीठ होतं तरी शेवई सुतासारखी उतरत होती. आन् जोहराआपा जिथं थांबायची तिथं हात थांबला, शेवई तोडायला.

आपा, मी मनात म्हणलं, आपा गं!

मी वर बघितलं. शफीभाई डोळे मिटून मान डोलवत होते. मान भलत्याच चालीवर. मग त्यांनी डोळे उघडले, पाकिटाकडं एकदा बघितलं, सुई उचलली.

"ही नाय, सरूबाई. बाई गातीय."

बाई! बाज्यातून रेड्यासारखा गडी गात होता, आन् हा माणूस पाकिटावरचा फोटो बघून मला सांगत होता की बाई गातीय. म्हणजे ह्यांना गाण्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. कमी नाय, थोडं नाय, काहीच नाय. किती दिवसांपासून हे नुसती सुई ठेवत होते आन् उचलत होते, त्यांच्या अल्लालाच ठाऊक.

सांगावं का गप बसावं? खोटं कशाला बोलू, गप बसावं असं क्षणभर मनात आलं. तबकडी पाकिटात गेली असती, पाकीट पेटीत गेलं असतं, आन् हा माणूस शोधत शोधत मेला असता. शोधत तरी मेला असता. पण ते गाणं ऐकून मी गप कशी बसू? जोहराआपानं मला माफ केलं असतं का?

मी पिठाच्या हातानं तशीच आत गेले, त्यांच्या हातातून तबकडी हिसकावली आन् पुन्यांदा लावली. मी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले, "हेच हाय! जोहराआपाचं गाणं! हेच!" सगळ्या गल्लीनं ऐकलं असंल. समोरची बाई गॅलरीत आली.

"ही बाईची हाय," ते म्हणले.

"बाईची नाय! गडी गायलाय! तुमच्या बाज्यात गडी गायलाय!"

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग हळूच खाली, बाज्याकडं बघितलं. पुसताना खटका सरकला होता. लहान तबकडी मोठीच्या खटक्यावर हळू हळू फिरत होती. त्यांचा हात खटका सारायला पुढं गेला, मी चापट मारून बाजूला केला.

खटक्याकडं बघता बघता त्यांचं तोंड उतरत गेलं.

"फर्दापूरच्या बाज्याचा खटका तुटलेला होता," ते म्हणले. ज्याला ऐकू येत नाय त्याचा आवाज मोठा होतो, पण हे त्यांनी एवढं बारीक म्हणलं की मला वाकून ऐकावं लागलं. "त्याच्यावर सगळंच हळू वाजायचं. मालक लावायचा तव्हा गोरे हसायचे. आम्हाला वाटायचं गाणं आवडलंय. बाई होती, सरूबाई. ती बाई होती."

मग त्यांनी पाकीट हातात घेतलं. त्या खाल्लेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

"ही पहिल्या गठ्ठ्यातली ना?"

मी मान हलवली.

"तव्हा मला ऐकू येत होतं," ते म्हणले. "चांगलं येत होतं."

मला रडू फुटलं. मी त्यांच्यापुढंच पदर तोंडाला लावून रडले. ते रडले नायत. मला पाण्याचा तांब्या दिला, म्हणले, "परत लावा. अशीच लावा, हळू." मग मशीन कानात घातलं. थोडा येळ बसले. काढून ठेवलं. "खडेच हायेत," म्हणले.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. आयुष्यात मी परक्या गड्याचा हात धरला नव्हता. मी त्यांचा हात उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला आन् सुई टेकवली. गाणं सुरू झालं तसं दोन बोटांनी त्यांच्या तळहातावर ठोकायला लागले, जसं हँडल फिरायचं तसं. आधी त्यांना कळलं नाय. मग कळलं. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. जोहराआपा थांबायची तिथं मी बोटं थांबवली, आन् ते बरोबर तिथं थांबले. शेवई तोडायला लागतो तेवढा येळ. मग पुढं.

"नळावर यायची तव्हा घागर मुद्दाम नळाला आपटायची," ते म्हणले. "आले म्हणून सांगायला." त्यांच्या तोंडावर हसू आलं. ते हसू मी जोहराआपा गेल्यापासून बघितलं नव्हतं.

तेवढ्यात गाणं संपलं. लहान तबकडी, तिच्यात असतं किती? सुई मधल्या कोऱ्या जागेत जाऊन नुसती खर्र खर्र करायला लागली. शफीभाईंचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. संपलं म्हणून सांगायला माझी जीभ रेटंना. मी तशीच बसून त्यांच्या हातावर बोटं ठोकत राहिले.